जुन्या होडीच्या केबिनचा टप उंच करावा का?

कुंडलिकाकाठ

माझी होडी फायबरची आहे. लांबी 28 फूट, रुंदी 9 फूट, आत बसवलेले डिझेल इंजिन, आणि बांधून 26 वर्षे झालेली. रेवदंड्याच्या खाडीत ती नांगरलेली असते. गळाने मासे धरायला येणाऱ्यांना घेऊन आम्ही कोर्लईच्या डोंगराला वळसा घालून बाहेर जातो. केबिनवर चार खांबांवर उभा असलेला फायबरचा पक्का टप आहे, ज्याला आता सगळे हार्डटॉप म्हणतात. सुकाणूपाशी फळीपासून टपापर्यंतची उंची 5 फूट 7 इंच भरते आणि मी 5 फूट 11 इंचांचा आहे. चार-चार तास मान वाकवून उभे राहावे लागते, हा त्रास मी बारा वर्षे सोसला.

आता मात्र प्रश्न माझ्या मानेपुरता राहिलेला नाही. मागच्या मार्चमध्ये संध्याकाळी खाडीत परतताना उन्हाची तिरीप समोरून येत होती. वाकून पाहताना पुढच्या काचेची वरची चौकट नेमकी डोळ्यांसमोर आली आणि तिच्याआड असलेला जाळ्याचा बोया मला होडी ढकलणाऱ्या पंख्यात दोर अडकल्यावरच कळला. उभा माणूस ताठ मानेने समोर पाहू शकत नसेल, तर ती होडी चालवायला सुरक्षित आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून खांबांना जोड देऊन टप 20 सेंटिमीटरने वर घ्यावा असे माझे ठाम मत झाले आहे. होडीचे वजन इंजिन आणि डिझेलसह सुमारे 4 टन आहे, टपाचे वजन अंदाजे 90 किलो. जाणकारांनी या बेतातल्या चुका दाखवाव्यात.

सुकाणूधर

दादा, माझा या बेताला विरोध आहे. होडी बांधणाऱ्याने टप 5 फूट 7 इंचांवर ठेवला तो उंच माणसांचा विचार न करता ठेवला असेल, हे मान्य. पण त्या काळी खालचा साचा, इंजिनाची जागा आणि वरचे वजन यांचा जो मेळ त्याने बसवला, त्याच्याशी आपण 26 वर्षांनी खेळत आहोत. वजन वर गेले की गुरुत्वमध्य वर जातो आणि होडी कलल्यावर सरळ होण्याची तिची ताकद तेवढी घटते. शांत पाण्यात हे कळत नाही. खाडीच्या तोंडावर ओहोटीचे पाणी आणि बाहेरची लाट समोरासमोर येतात, मागून आलेली लाट होडीला आडवी करू पाहते, तेव्हा कळते. त्यात डेकवर पाणी चढून साचले असेल तर परिस्थिती आणखी कठीण होते, कारण ते पाणी होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला धावते.

कुंडलिकाकाठ

आपला मुद्दा मी हलका मानत नाही, म्हणूनच हिशेब करून पाहिला. हलवलेले वजन गुणिले ते जितके वर गेले ते अंतर, भागिले होडीचे एकूण वजन, एवढे साधे गणित आहे. 90 किलोचा टप 20 सेंटिमीटर वर गेला, तर 4,000 किलोच्या होडीचा गुरुत्वमध्य साडेचार मिलिमीटर वर सरकतो. खांबांचे जोड, नट-बोल्ट आणि मधल्या पट्ट्या मिळून 35 किलो नवीन वजन आले आणि ते आजच्या गुरुत्वमध्यापेक्षा पावणेदोन-दोन मीटर उंचावर बसले, तर आणखी दीड सेंटिमीटर. म्हणजे सगळे मिळून दोन सेंटिमीटर. वाऱ्याचेही पाहिले. बाजूने सव्वातीन मीटर लांबीची आणि 20 सेंटिमीटर उंचीची जास्तीची पट्टी वाऱ्याला लागेल. 25 नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे 46 किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर सात-आठ किलोचा रेटा येतो. टपाच्या उंचीवर तो अगदीच नगण्य नाही, पण होडी उलटवणारा तर नक्कीच नाही.

सुकाणूधर

गणित बरोबर आहे, पण ते रिकाम्या टपाचे आहे आणि माझा खरा आक्षेप पुढचा आहे. टप कधीच रिकामा राहत नाही. माझ्या चुलत भावाने आपल्या होडीचा टप असाच वर घेतला आणि त्याच कामात तो भक्कमही करून घेतला. पहिल्या वर्षी त्यावर सोलरची पाटी आली, दुसऱ्या वर्षी जीवरक्षक कड्या आणि जाकिटांची पेटी, त्यानंतर दोरांची वेटोळी. तिसऱ्या वर्षापासून पाहुणे मंडळी फोटोसाठी वर चढून बसू लागली. आपल्याच रीतीने मोजा. 70 किलोची दोन माणसे टपावर बसली, तर गुरुत्वमध्य जवळजवळ आठ सेंटिमीटर वर जातो. म्हणजे आपण केलेल्या सगळ्या कामाच्या चौपट, तेही एका मिनिटात आणि कोणालाही न विचारता. भावाची होडी त्या मोसमात आडव्या लाटेत कलली ती सरळ व्हायला इतका वेळ घेऊ लागली की तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाने, स्वतःहून टपावरचे सगळे सामान उतरवले. कोणाला इजा झाली नाही, पण तो क्षण त्या होडीवरच्या कोणीही विसरलेला नाही.

रेझिनचा_हात

मी फायबरचे काम करतो, त्यामुळे दोघांच्या वादात एक गोष्ट सुटली आहे ती सांगतो. 26 वर्षांच्या टपाचे वजन 90 किलो आहे हे कशावरून? त्या काळातले बहुतेक टप म्हणजे वर-खाली फायबरचे पापुद्रे आणि मधे प्लाय किंवा बाल्साचे लाकूड. दिव्याच्या, अँटेनाच्या, जुन्या कापडी छताच्या स्क्रूंच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी आत जाते आणि लाकूड ते धरून ठेवते. तेव्हा कामाला हात लावण्यापूर्वी टपावर बारीक नाणे घेऊन वीत-वीत अंतरावर टकटक करत जा. भरीव जागी आवाज टणक आणि नेमका येतो, पापुद्रा सुटलेल्या जागी भसाडा आणि बोदा येतो. शंका असेल तिथे खालच्या बाजूने पाच मिलिमीटरचे भोक पाडा. बाहेर येणारा भुसा फिकट आणि कोरडा असेल तर चिंता नाही. तपकिरी लगदा आला किंवा चहासारखे पाणी ठिबकले, तर तो टप वर चढवण्याच्या लायकीचा नाही.

दुसरे, खांबांबद्दल. आपले खांब केबिनच्या कठड्यापासून वर किती आहेत ते मोजा. 75 सेंटिमीटरचा खांब 95 सेंटिमीटरचा केला, तर आडव्या झोक्याला तो दुपटीने जास्त वाकतो, कारण वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. टप डोलू लागला की सगळा ताण खांबाच्या मुळाशी येतो आणि तिथल्या जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. त्यामुळे नुसता पाइपाचा जोड देऊन भागणार नाही. खांब आणि टप यांच्या कोनात तिरपे आधार द्यावेच लागतील, आणि बोल्ट जिथे उतरतात तिथे मधले लाकूड कोरून इपॉक्सीची, म्हणजे वाळून टणक होणाऱ्या चिकट रेझिनची, भरीव गादी करावी लागेल.

जुन्या फायबरवर नवे फायबर चढवायचे असेल, तर जोडाच्या दोन्ही कडा घासून लांब उतार करा, जाडीच्या बारापट लांबीचा. पाच मिलिमीटर जाडीला सहा सेंटिमीटर उतार. पॉलिएस्टर रेझिन जुन्या वाळलेल्या फायबरला तितकेसे घट्ट धरत नाही, इपॉक्सी धरते. मात्र इपॉक्सीसोबत नेहमीची चुरा मॅट, म्हणजे काचतंतूंचे तुकडे चिकटवून केलेली चादर, वापरू नका. तिच्यातले चिकट द्रव्य इपॉक्सीत विरघळत नाही, मॅट ताठच राहते आणि तिच्याखाली हवा अडकते. विणलेले किंवा शिवलेले कापड घ्या.

वंगणडबा

माझे मत वेगळे आहे. टपाला हात न लावता पायाखालची फळी खाली घ्या. वजन खाली गेले तर फायदाच आहे, आणि बाहेरून होडीचे रूपही बदलत नाही. तीन-चार इंच तर कोणत्याही जुन्या होडीत निघतात.

रेझिनचा_हात

कोणत्याही होडीत निघत नाहीत, वंगणडबा साहेब. डेकवर आलेले पाणी ज्या भोकांतून आपोआप बाहेर जाते ती भोके बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावी लागतात. फळी त्या पातळीखाली नेली, की बाहेरचे पाणी आत येण्याचा रस्ता आपणच तयार करतो. केबिनच्या खाली इंजिन आणि पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचा जोडही असतो. सुकाणूपाशी वेगळी उंचावलेली फळी असेल तरच तिथले काही मिळेल.

कुंडलिकाकाठ

आठ दिवसांनी लिहीत आहे, कारण या काळात बरेच मोजून झाले.

सुकाणूपाशी खरोखरच वेगळी फळी आहे. मूळ फळीवर दोन इंचांच्या आडव्या पट्ट्या ठोकून ती वर घेतली आहे, बहुधा आधीच्या मालकाची उंची कमी असावी. पट्ट्या काढल्या की पाच सेंटिमीटर मिळतात आणि पाणी जाण्याची भोके तरीही पातळीच्या वर राहतात. वंगणडबा साहेबांचे म्हणणे निम्मे तरी लागू पडले.

टपावर नाणे वाजवले. उजव्या बाजूला, जिथे सर्चलाइट बसवला आहे तिथून मागे जवळजवळ हातभर पट्टा बोदा वाजला. खालून भोक पाडले आणि बोट लावले, तर ओले, काळसर आणि कुजक्या पाल्याच्या वासाचे काहीतरी बोटाला लागले. मग शेडमध्ये खांबांचे बोल्ट सोडून टप साखळी-कप्पीने उचलला आणि मधे लटकता काटा लावला. वजन 118 किलो निघाले. इतकी वर्षे मी 28 किलो पाणी आणि कुजके लाकूड डोक्यावर घेऊन फिरत होतो, याचे मला मनापासून वाईट वाटले.

टप उतरवण्यापूर्वी हेलकाव्यांची चाचणीही घेतली. भरतीच्या शांत पाण्यात धक्क्यापाशी दोर सैल सोडून, टाकी पूर्ण भरून, कडेला उभे राहून होडी डोलायला लावली आणि दहा पूर्ण हेलकावे मोजले. 25 सेकंद लागले. मग भाच्याला आणि त्याच्या मित्राला टपावर बसवून पुन्हा मोजले, तेव्हा 27 सेकंद लागले. रुंदी मीटरमध्ये घेऊन तिला 0.8 ने गुणावे, एका हेलकाव्याच्या काळाने भागावे आणि येणाऱ्या आकड्याचा वर्ग करावा, म्हणजे होडीची सरळ होण्याची ताकद दाखवणारी उंची साधारणतः मिळते. रिकाम्या टपाला ती 75 सेंटिमीटर आली, दोन माणसे वर असताना 64. गुणक ढोबळ असल्याने हे आकडे मी दुसऱ्या होडीशी ताडून पाहणार नाही, पण एकाच होडीच्या दोन अवस्थांची तुलना करायला ते पुरेसे आहेत. सुकाणूधर, आपले म्हणणे मला धक्क्यावर उभ्या उभ्या दिसले. मुले वर असताना होडी कलली की क्षणभर तिथेच थांबल्यासारखी वाटत होती.

तरीही माझे मूळ मत मी सोडत नाही. सरळ उभे राहता आलेच पाहिजे. मात्र जुना टप वर न चढवता नवा करायचा, मधे लाकडाऐवजी पीव्हीसी फोम, म्हणजे हलका प्लास्टिकचा फोम, घालायचा, म्हणजे वजन 60-65 किलोंच्या आत राहील. पाच सेंटिमीटर फळीतून आणि दहाच सेंटिमीटर टपातून घ्यायचे. तेवढ्याने 5 फूट 7 इंचांचे 6 फूट 1 इंच होतात आणि वरचे एकूण वजन आजच्यापेक्षा कमी राहते. काचेची वरची चौकटही तेवढीच वर न्यायची, नाहीतर डोळ्यांसमोरचा अडथळा जिथल्या तिथे राहील.

रेझिनचा_हात

बेत पटला. काम कधी करणार? मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै असते आणि होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, म्हणून सगळे फायबरचे काम त्याच दोन महिन्यांत काढतात. पण हवेत तेव्हासारखा दमटपणा असताना रेझिन नीट वाळत नाही, इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि त्यावरचा पुढचा थर सुटतो. तुमचा पोटापाण्याचा मोसम सांभाळून ऑक्टोबरनंतरचे दोन आठवडे काढता आले तर काढा.

वंगणडबा

तुम्ही प्रवासी नेता, तेव्हा महाराष्ट्र सागरी मंडळाच्या सर्वेक्षकाला नकाशा आणि वजनाचे आकडे आधी दाखवा. काम झाल्यावर दाखवले आणि त्याने हरकत घेतली, तर नवा टप उतरवावा लागेल, आणि न सांगता केलेल्या बदलावर विमा कंपनीही बोट ठेवेल.

कुंडलिकाकाठ

सर्वेक्षकांना पुढच्या आठवड्यात भेटतो. काम नोव्हेंबरमध्ये करतो, त्या दोन आठवड्यांची गिऱ्हाइके सोडावी लागली तरी चालेल.

सुकाणूधर

वजन खरोखर 65 किलोंच्या आत राहिले तर माझा टपाला विरोध उरत नाही. टपावर चढण्याला मात्र शेवटपर्यंत राहील. एक विनंती आहे. नव्या टपाच्या वरच्या कडेला धरायची स्टीलची नळी लावू नका, मागच्या खांबाला पायरीही नको. नळी दिसली की माणूस हात घालतो आणि पायरी दिसली की चढतो, मग 'वर चढू नका' अशी पाटी लावून उपयोग होत नाही.

कुंडलिकाकाठ

नळी नकाशात वरच होती, ती आज खोडली. तीच नळी आता आतल्या बाजूने, सुकाणू धरून उभ्या माणसाच्या डोक्यावर घेतो. लाटेत उभ्या माणसाला धरायला काहीतरी लागतेच, आणि आता तिथे हात वर करण्याइतकी जागा असेल.