मदत हवी आहे: जीपीएस नसलेला लॅपटॉप माझं जुनं घर कसं दाखवतो?

नमस्कार मंडळी,

नुकतंच घर बदललं. राउटर तोच, लॅपटॉप तोच. नवं घर जरा आडबाजूला आहे, लगतचा शेजार नाही. ब्राउझरमध्ये नकाशा उघडून लोकेशनची परवानगी दिली की निळा ठिपका अजूनही जुन्या इमारतीवर जाऊन बसतो. हवामानाच्या एका साइटला तर मी परवानगी दिलेलीच नाही, तरी ती शहराचं नाव दाखवते, आणि तेही भलतंच. व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा, लावून पाहिला: हवामानाच्या साइटवर देश बदलतो, नकाशा मात्र ढिम्म हलत नाही.

लॅपटॉपमध्ये जीपीएस नाही हे नक्की. मग हे कळतं कुठून? आणि नको तिथे आपलं ठिकाण जात असेल तर थांबवायचं कसं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

व्हीपीएन लावून पाहिलात ते उत्तम केलंत, उत्तर त्यातच आहे. या दोन साइट दोन वेगळ्या वाटांनी तुमच्यापर्यंत पोचतात.

हवामानाची साइट आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक, बघते. तो प्रत्येक साइटला कळतोच, नाहीतर ती उत्तर पाठवणार कुठे? कुठला आयपी कुठल्या भागात वापरला जातो याच्या याद्या मॅक्समाइंडसारख्या कंपन्या ठेवतात. देश बहुधा बरोबर निघतो, शहराचा भरवसा नाही. व्हीपीएन लावला की साइटला त्याच्या सर्व्हरचा आयपी दिसतो.

नकाशाचं काम वेगळं आहे. परवानगी मिळाली की लॅपटॉप आसपासच्या वायफाय राउटरांची यादी करतो: प्रत्येकाचा बीएसएसआयडी, म्हणजे त्याची ओळख सांगणारा क्रमांक, आणि सिग्नल किती जोरदार आहे ते. ही यादी लोकेशन सेवेकडे जाते. गूगल आणि ॲपलकडे राउटरांच्या ठिकाणांचे प्रचंड साठे आहेत, आणि ते भरण्यात लोकांच्या फोनचा मोठा वाटा आहे. फोनला उपग्रहांवरून स्वतःची जागा कळते, त्याच वेळी जवळचे राउटरही सापडतात, मग दोन्हींची सांगड घातली जाते. त्यासाठी राउटरला जोडावं लागत नाही, पासवर्डही लागत नाही. तुमचा राउटर तिथे जुन्या ठिकाणी नोंदलेला असणार, आणि त्याला खोटं पाडणारे दुसरे राउटर जवळपास नाहीत. आयपी बदलून ही यादी बदलत नाही, म्हणून व्हीपीएनचा इथे उपयोग नाही.

धागाकर्ती

खूप आभार, आता उलगडा झाला. पण मला न विचारता माझा राउटर कुणाच्या तरी साठ्यात असावा, हे अजिबात पटत नाही. तो काढता येतो का?

प्रतिसाद

ताई, तुमचा आक्षेप रास्त आहे. आधी विचारायला हवं होतं, पण रीत उलटी आहे: नको असेल त्याने सांगायचं. वायफायच्या नावाच्या अगदी शेवटी अंडरस्कोअर आणि त्याला जोडून ‘नोमॅप’ असं इंग्रजी अक्षरांत (_nomap) लिहा. गूगल आणि ॲपल दोघंही ही खूण मानतात. नाव बदललं की घरातली सगळी उपकरणं पुन्हा जोडावी लागतील. नोंद लगेच पुसली जाईल असं मात्र नाही, थोडा धीर धरा.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये लोकेशनची परवानगी कुणाकुणाला आहे तेही तपासा आणि अनोळखी साइट काढून टाका. फोनवर अँड्रॉइड १२ किंवा आयओएस १४ पासून पुढचं काही असेल तर प्रत्येक ॲपपुरती ‘अचूक’ जागा बंद करता येते. हवामानाच्या ॲपला ढोबळ परिसर पुरतो, रस्ता दाखवणाऱ्या ॲपला नाही.