मदत हवी आहे: बाळंतपणाच्या कागदावर दर अर्ध्या तासाला १४०

मंडळी, आजवर इथं नुसता वाचत आलो. आज लिहायची वेळ आली आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी ताई सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात आम्ही तिला गोव्यात डिचोलीला आणली आणि एका खाजगी हॉस्पिटलात नाव घातलं. सोनोग्राफी, शुगर, बीपी, सगळं नीट होतं. दिवस भरले, रात्री ११ वाजता कळा सुरू झाल्या म्हणून नेलं. कळा वाढवायचं सलाईन लावलं. आई बाहेर बाकावर, आत कुणालाच सोडत नव्हते. मधे एकदा नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "मात्शें राव गो आजी, जातलें" (थोडं थांब, होईल). पाणी हिरवं आलं होतं, म्हणजे बाळानं आतच शी केली होती. हे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळलं.

पहाटे ५.१० ला भाचा झाला. डॉक्टर त्याआधी जेमतेम दहा मिनिटं पोचले होते. बाळ रडलं नाही. अपगार स्कोअर (जन्मल्यावर बाळ कसं आहे याचे दहापैकी गुण) पहिल्या मिनिटाला २, पाचव्या मिनिटाला ४. १०८ मधून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं, त्याच दिवशी झटके आले. एमआरआयनंतर सांगितलं की जन्माच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, एचआयई. तिथल्या लोकांबद्दल तक्रार नाही, त्यांच्यामुळेच तो आज आहे. आता १७ महिन्यांचा झालाय. आधाराशिवाय बसत नाही, मुठी आवळलेल्या असतात, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात. माझा आवाज ऐकला की मात्र हसतो.

आता मुद्दा. बांबोळीला पाठवताना घाईत त्यांनी पार्टोग्राफची, म्हणजे कळांच्या वेळच्या नोंदींच्या तक्त्याची, झेरॉक्स दिली होती. परवा ती पहिल्यांदा नीट पाहिली. २ ते ४.३० पर्यंत दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके: १४०, १४०, १४०, १४०, १४०, १४०. सगळं एकाच अक्षरात, एका ओळीत, जणू पट्टी धरून लिहिलंय. ताई म्हणते, या वेळात कुणी पोटाला हातसुद्धा लावला नाही. मूळ फाईल मागायला दोनदा गेलो. "डॉक्टरांकडे आहे, मागीर (नंतर) या."

विचारायचंय ते असं: फाईल मिळवायची कशी? तक्रार गोव्यात की सिंधुदुर्गात? आणि एक नातेवाईक म्हणतात, बाळाला ६ तासांत थंड ठेवायचा उपचार द्यायला हवा होता, त्यावरही केस होते. खरं का?

भावोजी म्हणतात, झालं ते झालं. पण बाळंतपणाला ताईला आम्ही आणली होती.

प्रतिसाद १
तोंडी मागू नका. ताईच्या सहीचा अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. मात्र जपून ठेवायचं बंधन ३ वर्षांचंच आहे, तेव्हा वेळ घालवू नका. नर्सिंग नोट्स, सलाईनचा तक्ता, सीटीजीची (बाळाचे ठोके नोंदवणाऱ्या यंत्राची) पट्टी काढली असेल तर ती, आणि नाळेच्या रक्ताचा गॅस रिपोर्ट, एकेक नाव घालून मागा.

ग्राहक कायद्यात मुदत २ वर्षांची. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथंही तक्रार करता येते, म्हणजे ताईला सिंधुदुर्गसुद्धा चालेल. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. १९९८ चा स्प्रिंग मेडोज निकाल वकिलाला दाखवा. ती केस प्रसूतीची नाही, चुकीच्या इंजेक्शनची आहे, पण मेंदूला इजा झालेल्या मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना वेगळे ५ लाख कायम झाले होते.

प्रतिसाद २
मी लेबर रूममध्ये काम केलंय. कटू वाटेल, पण प्रत्येक एचआयई म्हणजे हलगर्जी नव्हे. नाळ खाली सरकते, वार (प्लासेंटा) अचानक सुटते, तेव्हा समोर उभं असूनही हातात फार काही राहत नाही. तुमच्या केसमधे मला खटकतं ते वेगळंच. कळांचं सलाईन चालू, पाणी हिरवं, आणि ठोके तासन्‌तास अगदी तेवढेच? जिवंत बाळाचे ठोके ११० ते १६० मधे वरखाली होतात. एकसारखा आकडा न ऐकता लिहिलेला असण्याचीच शक्यता जास्त. पण हे तुमच्या बाजूच्या स्त्रीरोगतज्ज्ञानं लिहून द्यायला हवं.

थंड ठेवायच्या उपचाराच्या वाटेला जाऊ नका. भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या हेलिक्स चाचणीत (२०२१) थंड ठेवलेल्या बाळांमधे मृत्यू उलट जास्त निघाले. समोरचा वकील तेच पुढे करील आणि तुमचा खरा मुद्दा बाजूला पडेल. आणि केस चालेल तशी चालेल, फिजिओथेरपी एक दिवस चुकवू नका.

धागाकर्ता
दोघांचे आभार. अर्ज लिहिलाय, सोमवारी पोच घेऊन येतो.

काल ताईला विचारलं, कुणी आलं नाही हे तुला वेळेसकट कसं आठवतं? म्हणाली, मी ह्यांना मेसेज करत होते ना. तिचा फोन पाण्यात गेला, पण भावोजींच्या फोनवर सगळे आहेत. २.५२: "कोण येत नाही". ३.४०: "परत हाक मारली". ४.०५ ला नुसतं "अहो".

भावोजींनी स्वतःच स्क्रीनशॉट काढून पाठवले. बरोबर एक शब्दही लिहिला नाही.