टॅरिफमधला 'फॅन्सी ड्रेस': वेशभूषा, पोशाख की सोंग?

प्रश्न

आयातशुल्काच्या सूचीचा मराठी अनुवाद करते आहे. प्रकरण 95 खेळणी आणि करमणुकीच्या वस्तूंचं. त्याच्या सुरुवातीच्या टिपेत, या प्रकरणात काय काय येत नाही हे सांगताना 'प्रकरण 61 किंवा 62 मधले कापडी फॅन्सी ड्रेस' असा उल्लेख आहे. मी 'वेशभूषा' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'विविध वेशभूषा' केलं. आणखी कुणी 'बहुरूपी पोशाख' सुचवलं. यातला नेमका शब्द कोणता? आणि एकाच वस्तूबद्दल सूचीत दोन ठिकाणी दोन गोष्टी का सांगितल्या आहेत?

उत्तर

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

शीर्षक 9505 मध्ये (शीर्षक म्हणजे प्रकरणातला चार आकडी गट) सण, कार्निव्हल आणि इतर करमणुकीच्या वस्तू येतात. मुखवटे, खोटी नाकं, खोटे कान, कागदी टोप्या, थट्टेसाठीच्या दाढ्या-मिशा या सगळ्यांचं घर तेच. प्रकरण 61 आणि 62 मध्ये अंगावर घालायचे कपडे येतात. आता एक पिशवी डोळ्यांपुढे आणा. तिच्यात चेटकिणीचा काळा झगा आणि टोकदार टोपी आहे. तो झगा कपडा की करमणुकीची वस्तू? अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला, कारण तिथे तेव्हा 9505 मधल्या अशा मालाला शुल्क शून्य होतं आणि कृत्रिम धाग्याच्या काही निटेड (होजियरीच्या) कपड्यांना तब्बल 32 टक्के. एका शब्दावर एवढा फरक पडत असेल तर अनुवाद करणाऱ्याने तो शब्द घाईने निवडू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

त्या वादात रुबीज कॉस्च्यूम ही कंपनी दोनदा होती आणि दोन्ही वेळा वेगळ्या बाजूला. पहिल्या खेपेला ती स्थानिक उत्पादक म्हणून भांडत होती. बाहेरून येणारे जोकर, चेटकीण, समुद्री चाचे असे पोशाख 'कपडे' धरा आणि त्यांच्यावर शुल्क लावा, असं तिचं म्हणणं. 2003 मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने ते फेटाळलं. हे पोशाख तकलादू आहेत, नेहमीच्या वापराचे कपडे नाहीत, म्हणून ते 9505 मध्येच जातील, असा निकाल लागला. दुसऱ्या खेपेला तीच कंपनी सांताक्लॉजचा भारीतला सूट आयात करत होती आणि तो 9505 मध्ये घाला म्हणत होती. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की हा सूट अस्तराचा, झिपचा, पक्क्या शिवणीचा आहे, त्यामुळे जॅकेट आणि पँट हे कपडेच.

म्हणजे अंगावर चढवल्यावर माणूस कोण दिसतो यावर काहीच ठरलं नाही. चेटकीण काय नि सांताक्लॉज काय, दोन्ही सोंगंच. ठरलं ते शिवणीवर.

अमेरिकेच्या कस्टम्सने यासाठी चार गोष्टी पाहायच्या ठरवल्या: कपड्याची घडण, शिवण, शेवटची सफाई आणि वरची सजावट. शिंपीकाम माहीत असलेल्याला हे लगेच कळेल. पोशाख उलटा करा. खालचा घेर दुमडून टीप मारली आहे, की कापड कापून तसंच सोडलं आहे आणि कच्च्या कडेतून धागे निघताहेत? गळ्याला पट्टी किंवा गोट आहे, की नुसतं भोक? मागे झिप आहे, की इंचभर वेलक्रो चिकटवला आहे? कमरेला नीट नेफा आहे, की इलॅस्टिक नुसतं ताणून शिवलं आहे? एखादी खूण सापडली म्हणून लगेच निकाल लागत नाही. पोशाख सगळा मिळून पाहावा लागतो. पण उलट्या बाजूने जे कळतं ते पाकिटावरच्या चित्रावरून कधीच कळत नाही.

आता शब्द. 'वेशभूषा' मला इथे चालत नाही. नटाच्या अंगावरचा पोशाखही वेशभूषा आणि कुणी रोज काय घालतो तीही वेशभूषाच. ज्या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत त्या दोन्ही या एका शब्दात बसतात. 'विविध वेशभूषा' हे स्पर्धेचं नाव म्हणून रुळलं आहे, पण कागदावर तुमच्यापुढे एकच झगा असताना 'विविध' कशाला चिकटवायचं? 'बहुरूपी' हा माणूस, त्याचा पोशाख नव्हे. राहिला 'वेषांतर'. त्यात ओळख लपवण्याचा, फसवण्याचा वास येतो. पण तो अगदीच टाकाऊ नाही. ही सूची ज्या जागतिक सूचीवर बेतलेली आहे ती, म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टीम, मुळात इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांत आहे आणि दोन्ही पाठ सारखेच अधिकृत. फ्रेंचमध्ये या जागी 'त्राव्हेस्ती' आहे, म्हणजे वेष पालटण्याचे कपडे. फ्रेंच शब्द थेट वेष पालटण्याकडे बोट दाखवतो, इंग्रजी शब्द त्यामानाने मोघम आहे. म्हणून माझी पसंती 'सोंगाचा पोशाख' किंवा 'वेष पालटण्याचा पोशाख' याला.

त्यावर एक शंका

सरकारी कागदात 'सोंग' लिहायचं? 'पैशाचं सोंग आणता येत नाही' या म्हणीतही सोंग म्हणजे खोटेपणाच. शिवाय 'तकलादू' म्हटलं की माल खराब असल्याचा ठपका येतो. आयातदाराला ते कसं रुचेल?

उत्तर

'सोंग'बद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. सोंग आणणे म्हणजे ढोंग करणे, हे खरं. पण सोंग घेणे म्हणजे एखाद्याचं रूप घेणे, हाही तितकाच जुना आणि साधा अर्थ. नाटकात सोंग घेणारा कुणाला फसवत नाही. शब्दाची एक छटा बोलण्यात वरचढ झाली म्हणून दुसरी सोडून द्यायची नसते. तरी कार्यालयीन कागदासाठी 'वेष पालटण्याचा पोशाख' जास्त बिनबोभाट चालेल, हे मान्य.

'तकलादू'बद्दल मात्र तुमचा मुद्दा पक्का आहे. निकालातला मूळ इंग्रजी शब्द माल वाईट आहे असं म्हणत नाही. एकदोनदा घालून टाकायच्या वस्तूला जेवढा टिकाऊपणा लागतो तेवढाच तिच्यात आहे, एवढंच तो सांगतो. 'तकलादू'त दुकानदाराने फसवल्याची तक्रार ऐकू येते. 'तकलुपी' तर त्याहून वाईट, त्यात खोटेपणाच येतो. मी 'कच्च्या शिलाईचा, टिकाऊ नसलेला' असं फोडून लिहीन. 'कच्ची शिलाई' म्हणजे शिंप्याकडे खरं तर आधी मारलेली तात्पुरती धावती टीप, पण 'पक्की'च्या समोर ठेवली की वाचणाऱ्याच्या मनात बरोबर चित्र उभं राहतं.

आणखी एक खड्डा आहे, त्यात बहुतेक अनुवाद पडतात. प्रकरण 61 हे निटेड कपड्यांचं, 62 हे वोवन कपड्यांचं. मराठीत दोन्हीला 'विणलेले' म्हणतात. स्वेटर विणतात, मागावर कापडही विणतात. दोन्ही प्रकरणांना 'विणलेले कपडे' असं शीर्षक पडलं की सूची निरुपयोगी. कापड हाताळणारी माणसं सरळ 'होजियरी' आणि 'मागावरचं कापड' म्हणतात. तेच लिहा, किंवा 'निटेड', 'वोवन' देवनागरीत ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शंका विचारणाऱ्यांचेच आणखी दोन प्रश्न

एकाच पिशवीत झगा, मुखवटा आणि प्लॅस्टिकची तलवार असेल तर? आणि मूळ टिपेचा पूर्ण अनुवाद कसा कराल?

उत्तर

पिशवीचं थोडक्यात सांगतो. किरकोळ विक्रीसाठी एकत्र बांधलेला संच असेल तर ज्या वस्तूमुळे त्या संचाला त्याचं मूळ रूप येतं तिच्या शीर्षकात सगळा संच जातो. पण कापडाच्या विभागात एक टीप आहे: वेगवेगळ्या शीर्षकांतले कपडे एकाच पिशवीत असले तरी आपापल्या शीर्षकातच जातील. म्हणून सांताक्लॉजचं जॅकेट एकीकडे आणि पँट दुसरीकडे गेली.

टिपेचं वाक्य मात्र सावकाश पाहा, खरी गोम तिथे आहे. इंग्रजीत आधी 'फॅन्सी ड्रेस', मग 'कापडाचे', मग 'प्रकरण 61 किंवा 62 मधले', मध्ये स्वल्पविराम. याचे दोन अर्थ निघतात. एक, कापडी फॅन्सी ड्रेस सगळेच प्रकरण 95 मधून बाहेर, आणि ते 61-62 मध्ये जातात. दोन, जे 61-62 मध्ये बसतात तेवढेच बाहेर, बाकीचे 95 मध्ये राहू शकतात. अमेरिकेच्या न्यायालयाने दुसरा अर्थ घेतला. आधी विचारायचं, हा नेहमीच्या अर्थाने कपडा आहे का? असेल तरच टीप त्याला 95 मधून बाहेर काढते. 'कपडा' म्हणजे साधारणपणे लोक अंगावर घालतात ते, ही व्याख्या त्यांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1893 च्या निकालातून उचलली. हा अर्थ अमेरिकेपुरता. हार्मोनाइज्ड सिस्टीममधल्या वस्तू-क्रमांकाचे पहिले सहा आकडे 1988 पासून जगभर समान असले तरी त्यांचा अर्थ लावणारी न्यायालयं आपापली असतात.

मराठीत हा दुहेरीपणा टिकवणं अवघड जातं, कारण आपलं विशेषण नामाच्या आधी येतं. 'प्रकरण 61 किंवा 62 मध्ये मोडणारे वेष पालटण्याचे कापडी पोशाख' असं लिहिलं की वाचणारा दुसऱ्या अर्थाकडे झुकतो. 'वेष पालटण्याचे कापडी पोशाख, जे प्रकरण 61 किंवा 62 मध्ये मोडतात' असं लिहिलं की पहिल्याकडे. अनुवादकाने निकाल देऊ नये, मूळ वाक्य जेवढं मोकळं आहे तेवढंच मोकळं ठेवावं. खूप वेळ उलटसुलट करून मी इथे थांबलो आहे: 'वेष पालटण्याचे पोशाख, कापडाचे, प्रकरण 61 किंवा 62 मधील'. मराठी कानाला हे थोडं खडबडीत लागेल, पण स्वल्पविराम तिथेच राहू द्या.