कष्ट करूनही गरिबी का सुटत नाही?

पाचपाखाडीकर: आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी पंधरा वर्षांपूर्वी किसननगरात भाड्याच्या खोलीत राहायच्या, आजही तिथेच आहेत. पाच घरांची कामं, सकाळी सहापासून. आळस म्हणायचा तरी कुणाला? बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने अतिगरीब बायकांना गाई दिल्या. तिथल्या २३,००० कुटुंबांची २००७ पासूनची ११ वर्षांची माहिती अर्थतज्ज्ञांनी तपासली. गाय साधारण सारख्याच किमतीची. पण गाडी, गोठा, अवजारं असं काहीतरी ज्यांच्या गाठीशी आधी होतं, त्या वर चढत गेल्या. अगदीच रित्या हाताच्या होत्या, त्या पुन्हा घसरल्या. मला वाटतं, मदत थोडी-थोडी मिळते म्हणूनच ती विरून जाते.

घणसोलीकर: पटत नाही. माझे वडील माथाडी. बाजार मस्जिद बंदरहून वाशीला आला, तसे तेही आले. पाठीवर गोणी वाहून आम्हा तिघांना शिकवलं. त्यांच्याच टोळीतला शेजारी, मजुरी तेवढीच. ती दारूत गेली. माणसाचं वागणं हिशोबात धरणार की नाही?

तुर्भेवाली: दादा, तुमच्या वडिलांच्या कष्टांना नमस्कार. पण त्यांच्यामागे १९६९ चा माथाडी कायदा होता, अण्णासाहेब पाटलांचा लढा होता. मजुरी माथाडी बोर्डातून, पीएफ, ग्रॅच्युइटी. माझा भाऊ नाक्यावर उभा राहतो. काम मिळालं तर दिवसाची मजुरी, नाहीतर दहा वाजता घरी. आईच्या ऑपरेशनला चाळीस हजार काढले, शेकडा पाचने. महिन्याला दोन हजार नुसतं व्याज. दोन वर्षांत अठ्ठेचाळीस हजार भरले, मुद्दल जागच्या जागी. भाऊ सुपारीच्या खांडालाही शिवत नाही.

घणसोलीकर: ताई, व्याजाचं मान्य. असं कर्ज माणसाला उठूच देत नाही. पण माझ्या शेजाऱ्यालाही बोर्ड होतंच की. कायदा एक, पगार एक, आणि दोन घरांचं दोन तऱ्हेचं झालं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाचपाखाडीकर: पाहिलंत ते खरंच असणार. पण तुमच्या वडिलांनाही पाठीची दुखापत होऊन सहा महिने बसावं लागलं असतं, तर तिघांचं शिक्षण टिकलं असतं?

घणसोलीकर: बोर्डाने दवाखाना पाहिला असता. फीचं मात्र कठीण झालं असतं, खरं आहे.

तुर्भेवाली: एकच विचारते. दारू शेजारी प्यायचे, मुलं नव्हे. ती कितवीपर्यंत शिकली?

घणसोलीकर: थोरला आठवीत सुटला, बाप अंथरुणाला खिळला तेव्हा. आता तोही नाक्यावरच असतो.