मदत हवी आहे : जुनी डीव्हीडी ‘स्वच्छ’ आणि नवी ब्लू-रे ‘दाणेदार’; चित्र-ध्वनीचा दर्जा कशावरून ठरवावा?

नमस्कार.

एका जुन्या कृष्णधवल चित्रपटाच्या दोन आवृत्त्या सध्या माझ्याकडे आहेत. पहिली बऱ्याच वर्षांपूर्वीची पाल पद्धतीची डीव्हीडी आहे. दुसरी अलीकडे आलेली ब्लू-रे असून तिच्या वेष्टनावर ‘४के रिस्टोरेशन’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. चित्रपटाचे आणि प्रकाशकाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण दोष डिस्कचा, मूळ फिल्मचा की माझ्या टीव्हीचा हे अजून मला उमगलेले नाही. परीक्षणांमधून ‘चित्र ५ पैकी ४.५, ध्वनी ५ पैकी ४’ असे गुण दिलेले दिसतात. पण ते कशाच्या तुलनेत दिले हे क्वचितच सांगितलेले असते, त्यामुळे ती वाचूनही माझा प्रश्न सुटला नाही.

डीव्हीडीवरचे आकाश आणि भिंती अगदी नितळ दिसतात. ब्लू-रेवर त्याच जागी बारीक कण सतत वळवळत असतात. नायिकेच्या जवळून घेतलेल्या दृश्यात डीव्हीडीवर तिच्या केसांच्या कडेने एक पांढुरकी रेघ फिरलेली आहे आणि त्यामुळे चेहरा पार्श्वभूमीतून उठून दिसतो. ब्लू-रेवर ती रेघ नाही आणि चित्र प्रथमदर्शनी मऊ वाटते, मात्र कपाळावर आलेली एकेक बट वेगळी मोजता येते. रात्रीच्या प्रसंगांत ब्लू-रे इतकी काळोखी आहे की नायकाच्या काळ्या कोटाच्या चुण्या दिसेनाशा होतात, आणि कंदिलाच्या धुराचे एक दृश्य आहे त्यात तर धुराऐवजी लहान लहान चौकोन सरकताना दिसतात. शिवाय काही ठिकाणी एक दृश्य दुसऱ्यात विरघळण्याच्या किंचित आधी चित्र अचानक भुरकट होते आणि बदल संपला की पुन्हा स्वच्छ होते.

ध्वनीच्या बाबतीत माझा गोंधळ अधिक आहे. ब्लू-रे आपोआप ५.१ (म्हणजे भोवताली मांडलेल्या सहा स्पीकरांसाठीच्या) ध्वनीवर सुरू होते. त्यात संवाद पोकळ वाटतात, आणि दोन वाक्यांच्या मधल्या जागेत खोलीतला साधा आवाजही कोणी बटण दाबून बंद केल्यासारखा नाहीसा होतो. मेनूत मोनोचा, म्हणजे एकाच वाहिनीच्या ध्वनीचा, पर्याय आहे, पण त्यात हलकी खरखर आहे. सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की डीव्हीडीवरून कानात बसलेली गाणी ब्लू-रेवर संथ आणि खालच्या सुरात वाटतात, आणि डीव्हीडीची लांबी १४४ मिनिटे असताना ब्लू-रेची १५० मिनिटे आहे. जादा सहा मिनिटांत नवे दृश्य मात्र एकही सापडले नाही.

घरी करता येण्याजोग्या कोणत्या चाचण्यांनी हे दोष एकमेकांपासून वेगळे करता येतील, आणि वेष्टनावरच्या ‘४के’, ‘लॉसलेस’ अशा शब्दांना किती महत्त्व द्यावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

*

प्रतिसाद :

प्रश्न नेमका मांडल्याबद्दल आभार. असे धागे बहुधा ‘कोणती घेऊ?’ एवढ्यावरच थांबतात.

आधी टीव्ही बाजूला काढा, म्हणजे त्याचा हस्तक्षेप बंद करा. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड निवडा आणि नॉइज रिडक्शन, मोशन स्मूदिंग, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट व ओव्हरस्कॅन बंद करा. शार्पनेस पुष्कळ टीव्हींवर शून्यावर तटस्थ असतो, तर काहींवर मधल्या आकड्यावर. म्हणून तो हळूहळू कमी करत न्या आणि अक्षरांच्या कडेची कृत्रिम रेघ जिथे नाहीशी होते तिथे थांबा. एवढे करूनही डीव्हीडीतल्या केसांभोवतीची पांढरी रेघ तशीच राहिली, तर ती डीव्हीडीतच भरलेली आहे असे समजा. कडा उठावदार करण्याची ही प्रक्रिया जुन्या आवृत्त्यांत सर्रास केली जाई. लांबून चित्र रेखीव भासते, पण त्यात तपशिलाची भर काहीच पडत नाही. बसण्याचे अंतरही पाहा : १०८० ओळींच्या चित्रातला सगळा तपशील दिसायला साधारणपणे चित्राच्या उंचीच्या तिपटीच्या आत बसावे लागते, आणि त्याहून मागे गेल्यास दोन्ही आवृत्त्यांतला फरक झपाट्याने पुसट होतो.

वळवळणाऱ्या कणांविषयी. फिल्मवरची प्रतिमाच मुळी चांदीच्या कणांची बनलेली असते, त्यामुळे ते कण दिसणे हे स्कॅन प्रामाणिक असल्याचे लक्षण आहे. मात्र कॉम्प्रेशनची, म्हणजे डिस्कवर मावावे म्हणून चित्राची माहिती आवळताना झालेली, घाणही वरवर पाहता कणांसारखीच दिसते, म्हणून चित्र थांबवून एकेक फ्रेम पुढे न्या. फिल्मचे कण प्रत्येक फ्रेममध्ये पूर्णपणे नव्या जागी असतात आणि त्यांना ठरावीक आकार नसतो. कॉम्प्रेशनचा दोष चौकोनांच्या जाळीत बसलेला असतो, काही फ्रेम जागचा हलत नाही आणि मग एकदम सगळा बदलतो. याच्या उलट डीव्हीडीतले नितळ आकाश तपासताना एखादा चालता माणूस पाहा. कण पुसण्याची प्रक्रिया जास्त झाली असेल, तर चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो, आणि मान वळली की गालावरचा पोत क्षणभर मागे रेंगाळून नंतर जागेवर येतो. एकदा हे नजरेत भरले की त्या ‘स्वच्छ’ चित्राचा मोह आपोआप सुटतो.

दृश्य विरघळण्याआधीचा भुरकटपणा हा बहुधा मूळ चित्रपटातलाच आहे. त्या काळी असे बदल, तसेच दृश्यावर उमटणारी श्रेयनामावली, ऑप्टिकल प्रिंटरवर तयार होत असत. म्हणजे तेवढ्या भागाची पुन्हा नक्कल काढून ती निगेटिव्हमध्ये जोडली जाई, आणि नकलेच्या प्रत्येक पिढीत तपशील घटतो. हा फरक तुम्हाला लगेच जाणवतो, याचा अर्थ आजूबाजूची दृश्ये चांगल्या स्रोतावरून घेतलेली असावीत. ‘४के’ हा शब्द फक्त स्कॅन किंवा पुढचे काम किती बारकाईने झाले ते सांगतो. स्कॅन कशाचे झाले, कॅमेऱ्यातल्या मूळ निगेटिव्हचे, मधल्या नकलेचे की चित्रपटगृहात फिरलेल्या प्रिंटचे, हे त्यावरून कळत नाही. रीळ संपण्याच्या सुमारास वरच्या उजव्या कोपऱ्यात प्रोजेक्टर बदलण्याच्या खुणेचे ठिपके चमकून जातात का ते पाहा. ते दिसले तर स्रोत प्रिंट असण्याची शक्यता बळावते.

आता काळोख. नायकाच्या कोटाच्या दृश्यावर चित्र थांबवा आणि टीव्हीचा ब्राइटनेस तात्पुरता बराच वाढवा. चुण्या उगवल्या तर तपशील डिस्कवर आहे आणि प्रश्न टीव्हीच्या जुळणीचा किंवा निवडलेल्या उजेडाचा आहे. नुसताच सपाट करडा डाग दिसला तर सावल्या वाटेत कुठेतरी कापल्या गेल्या. त्या आधी प्लेयर आणि टीव्ही यांची पातळी जुळते का तेही बघा. व्हिडिओत काळा रंग १६ वर आणि पांढरा २३५ वर धरलेला असतो. एका यंत्राने तसे पाठवले आणि दुसऱ्याने ० ते २५५ समजून घेतले, तर काळा फिकट होतो, आणि उलटे झाले तर सावल्या बुजतात. ही गडबड असेल तर सगळ्याच चित्रपटांत दिसेल, एकट्या या डिस्कवर नाही. डीव्हीडी उजळ आहे म्हणून ती बरोबर, असे मात्र धरून चालू नका. जुन्या टीव्हीसंचांवर नीट दिसावे म्हणून रात्रीची दृश्ये अनेकदा उजळवली जात.

धुरातले चौकोन मला सर्वांत संशयास्पद वाटतात. तोच भाग संगणकावर, वेगळ्या पडद्यावर चालवून पाहा आणि त्या जागेचा बिटरेट, म्हणजे चित्रासाठी सेकंदाला किती माहिती खर्च होते तो आकडा, नोंदवा.

*

आणखी एक प्रतिसाद, केवळ ध्वनीपुरता :

सहा मिनिटांचे कोडे सोपे आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि पाल पद्धत २५ फ्रेमची, म्हणून पाल डीव्हीडी करताना चित्रपट सरळ थोडा वेगाने चालवत. १५० मिनिटांना २४ ने गुणून २५ ने भागले की बरोबर १४४ येतात. वेग सुमारे ४ टक्के वाढला की सूरही चढतो. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढे अंतर असते, त्याच्या जवळपास ७० टक्के. तेव्हा गाणी ब्लू-रेवर खाली आलेली नाहीत, ती डीव्हीडीवर चढलेली होती. कानाला इतक्या वर्षांची सवय असल्यामुळे योग्य सूरच आधी खटकतो, त्याला इलाज नाही.

चित्रपट मोनोच्या काळातला असेल, तर ५.१ ध्वनी नंतर कोणीतरी तयार केलेला आहे. संवाद, गाणी यांच्या वेगळ्या ध्वनिपट्ट्या उपलब्ध नसताना एकाच ध्वनिपट्टीतून संवाद मध्ये, गाणी बाजूंना आणि घुमारा मागे पाठवायचा, तर गाळण्या आणि कृत्रिम प्रतिध्वनी यांवाचून गत्यंतर नसते. तुम्हाला जाणवलेला पोकळपणा त्यातूनच येतो असे मला वाटते. दोन वाक्यांच्या मधे खोली गायब होणे हे खरखर काढण्याच्या अतिरेकाचे ठळक लक्षण आहे. त्याच्या जोडीला शब्दांच्या शेवटचे ‘स’ आणि ‘श’ ऐका : ते पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडे काढत असतील तर निदान पक्के. मोनोमधली हलकी, एकसारखी खरखर मी तरी दोष मानत नाही. जुन्या प्रकाशीय ध्वनिपट्टीवर सुमारे ८ किलोहर्ट्झच्या वर मुळातच फारसे काही नसे, त्यामुळे खरखर पुसायला गेले की तिच्याबरोबर व्यंजनांची धारही जाते.

तुलना करताना दोन्ही ध्वनींची पातळी कानाने जुळवून घ्या. किंचित मोठा असलेला आवाज प्रत्येकाला ‘जास्त चांगला’ वाटतो, आणि डॉल्बीच्या ध्वनीत संवादाच्या सरासरी पातळीची जी नोंद भरलेली असते तिच्यामुळे एक ध्वनी दुसऱ्यापेक्षा हळू वाजू शकतो. ‘लॉसलेस’चा अर्थ एवढाच, की प्रकाशकाने जे भरले ते जसेच्या तसे तुमच्यापर्यंत पोचते, भरलेलेच खरवडलेले असेल तर खरवडलेलेच पोचेल. शेवटी, मोनो खरोखर मोनो आहे का तेही तपासता येते. ध्वनिसंपादनाच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये डावी-उजवी वाहिनी घेऊन एक उलटी करा आणि दोन्ही मिसळा. शांतता उरली तर मोनो शुद्ध. गाणी उरली तर कोणीतरी त्यात रुंदी घुसवली आहे.

*

धागालेखक :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. केसांभोवतीची रेघ शार्पनेस उतरवूनही डीव्हीडीवर कायम आहे. कोटाच्या चुण्या ब्राइटनेस वाढवल्यावर स्पष्ट उगवल्या, आणि सिनेमा मोडमध्ये दिवे मालवून पाहिल्यावर ब्राइटनेस न वाढवताही पुरेशा दिसू लागल्या. कोपऱ्यातले ठिपके कुठेही आढळले नाहीत. मोनोची वाहिनी उलटी करून मिसळली तेव्हा पूर्ण शांतता उरली; आता चित्रपट त्याच ध्वनीवर पाहतो.

मात्र धुराचे चौकोन संगणकावरही जसेच्या तसे आहेत. बिटरेट तिथे १४ मेगाबिटच्या आसपास घुटमळतो आणि वर जातच नाही. डिस्क एकाच थराची, २५ जीबीची आहे आणि तिच्यावर चित्रपटाबरोबर लांबलचक पूरक कार्यक्रमही भरलेले आहेत. या एका दोषापायी आवृत्ती वाईट म्हणावी का?

*

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर :

माझ्या मते नाही, पण प्रकाशकाला जाब जरूर विचारावा. तुमच्या नोंदींवरून स्कॅन उत्तम आहे, ध्वनीचा मूळ पर्याय शाबूत आहे आणि चूक फक्त शेवटच्या टप्प्यावर, कॉम्प्रेशन करताना झालेली आहे. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जाण्याची मुभा असते. १५० मिनिटांच्या चित्रपटाला २५ जीबीची डिस्क अख्खी दिली, तरी ध्वनीसकट सरासरी २२ मेगाबिटच वाट्याला येतात. त्यात पूरक कार्यक्रम कोंबले की कात्री चित्रालाच लागते. बिटरेट कमी म्हणजे चित्र वाईटच, असा नियम नाही. स्थिर, स्वच्छ दृश्याला १४ मेगाबिट भरपूर होतात. पण फिल्मचे कण आणि धूर या दोन्ही गोष्टी प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने बदलतात, त्यांचा अंदाज आधीच्या फ्रेमवरून बांधता येत नाही, आणि दोन्ही एकत्र आल्या की एन्कोडरला बिट पुरत नाहीत. थोडक्यात, २५ ऐवजी ५० जीबीची डिस्क घेतली असती तर हा प्रसंग बहुधा निभावला असता.

डीव्हीडीशी तुलना करायची, तर तुमच्या चित्रपटाची चौकट जवळपास चौकोनी असल्याने ब्लू-रेच्या १९२० पैकी सुमारे १४८० स्तंभच वापरले जातात. तरीही डीव्हीडीच्या जवळपास चौपट चित्रबिंदू मिळतात, आणि ते खरोखर तपशिलाने भरलेले आहेत हे कपाळावरच्या बटांनी दाखवून दिलेच आहे. डीव्हीडी टाकून देऊ नका, पण मापदंड म्हणूनही वापरू नका.

प्रकाशकाला लिहिताना ‘चित्र खराब आहे’ एवढे लिहून भागणार नाही, त्याचे उत्तर ठरलेले येते. धुराच्या दृश्याची तास-मिनिट-सेकंदासह वेळ द्या, तिथला बिटरेट द्या, दोन वेगळ्या पडद्यांवर तोच दोष दिसल्याचे नमूद करा, आणि त्या फ्रेमचे चित्र पीएनजी स्वरूपात जोडा, कारण जेपीईजी स्वतःच्या चौकोनांची भर घालते आणि मग वाद त्यावरच रंगतो. डिस्कच्या मधल्या छिद्राजवळ, चकचकीत बाजूला जो बारीक क्रमांक कोरलेला असतो तोही उतरवून पाठवा. पुढे सुधारित खेप निघाली, तर तुमची डिस्क आधीची की नंतरची हे त्यांना त्यावरून कळेल.