अर्ध्या लिटरच्या फवारणी बाटलीत कडुलिंबाचे तेल नेमके किती घालावे?

फोंडेकरीण:
आमच्या गच्चीवरील जास्वंदीच्या शेंड्यांना पिठ्या ढेकणाने ग्रासले आहे. तेलाच्या बाटलीवर ‘एक लिटर पाण्यास 5 मिली’ असे छापलेले आहे, पण माझी फवारणी बाटली 500 मिलीची आहे. गेल्या आठवड्यात मी अंदाजाने अर्धा चमचा तेल घालून वर पाणी भरले, तेव्हा आरंभी नुसते पाणी आले आणि तळाशी उरलेल्या तेलकट द्रवाने शेजारच्या मिरचीची पाने करपली. शिवाय जाऊबाईंनी शंका काढली आहे, की हे प्रमाण 1:200 होते, पण 1:200 म्हणजे दोनशे भाग पाण्यात एक भाग तेल, की तेल धरून एकूण दोनशे भाग?

सांखळीवासी:
आपल्याला 2.5 मिली तेल लागेल. जाऊबाईंची शंका रास्त असली तरी येथे तिने काही बिघडत नाही, कारण 500 मिली पाण्यात 2.5 मिली तेल घातले काय किंवा दोन्ही मिळून 500 मिली केले काय, तीव्रता अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहते. फरशीच्या द्रावणाचे प्रमाण 1:4 असेल तेव्हा मात्र हा गोंधळ महागात पडतो: एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी घेतल्यास अर्ध्या लिटरमध्ये 100 मिली द्रावण येते, एकूण चार भाग धरल्यास 125 मिली. मोजण्यासाठी औषधाच्या दुकानातून सुईविरहित 5 मिलीची सिरिंज आणावी. घरातले चमचे एका मापाचे नसतात, आणि तेलाचा थेंब पाण्याच्या थेंबाएवढा नसतो.

कुळागरवाला, सावईवेरे:
माप चुकल्यापेक्षा मिसळणे चुकले आहे. तेल पाण्यावर तरंगते आणि बाटलीतली नळी तळातून ओढते, म्हणून आधी पाणी व शेवटी तेल आले. प्रथम पेलाभर कोमट पाण्यात अर्धा मिली सौम्य द्रवरूप साबण ढवळावा, त्यात तेल थेंबाथेंबाने घालून दुधासारखे पांढरे होईपर्यंत घोटावे, मग उरलेले पाणी ओतावे. फवारताना बाटली अधूनमधून हलवावी. क्रमाचे महत्त्व आम्ही पोफळींच्या कोळेरोगावर (सुपारीची फळे कुजवणाऱ्या बुरशीवर) बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक, करताना दरवर्षी अनुभवतो: एक टक्का मिश्रणासाठी लिटरमागे 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओततात, आणि बुडवलेल्या लोखंडी सुरीवर तांबूस थर चढल्यास चुना वाढवतात.

फोंडेकरीण:
उरलेले मिश्रण पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येईल का? आणि दुकानदार ‘1500 पीपीएम’ची बाटली देऊ पाहतो आहे, तिचेही हेच माप का?

सांखळीवासी:
मिश्रण त्याच दिवशी संपवावे. बारा कुंड्यांना अर्धा लिटर जास्त होत असेल तर 250 मिली पाण्यात 1.25 मिली तेल घ्यावे. 1500 पीपीएम (दहा लाख भागांत 1500 भाग) म्हणजे 0.15 टक्के अझाडिरॅक्टिन, अर्थात कडुलिंबातले कीडनाशक द्रव्य, असलेले तयार औषध. त्याला साबण सहसा लागत नाही, आणि 10000 पीपीएमच्या बाटलीचे माप त्याला लावू नये, 1500च्या बाटलीच्या वेष्टनावरचेच पाहावे. फवारणी संध्याकाळी, पावसाची उघडीप पाहून, आधी एकाच फांदीवर करावी.

कुळागरवाला, सावईवेरे:
आणि काम झाल्यावर साध्या पाण्याचे चार-पाच फवारे मारून तोटी धुवावी, नाहीतर तेल साकळून तिचे भोक बुजते.