दिवा लागतो, पण पुढची चाकं ढिम्म
फोर-व्हील ड्राइव्हचा दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत, या तक्रारीवर कुणीतरी निदान दिलंय: दिवा लागतोय म्हणजे हब (पुढचं चाक एक्सलच्या दांड्याला जोडणारा भाग) ठीक, दोष ट्रान्सफर केसचाच (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडेही वळवणारी पेटी). हे मला पटत नाही. दिव्याचा स्विच बहुतेक जुन्या गाड्यांत ट्रान्सफर केसवरच असतो. हब धरला की नाही हे त्याला कुठलं कळायला! जांबोटीकडच्या लाल चिखलात माझी जुनी पिकअप अशीच रुतली. बेळगावात एकाने थेट ट्रान्सफर केस उतरवायचा हिशेब काढला.

खानापूरच्या मिस्त्रीने मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं एक चाक जॅकवर उचललं, इंजिन चालू ठेवून फोर-हाय (चारही चाकांचा वेगाचा गिअर) टाकला आणि चाक हाताने फिरवलं. ते मोकळंच फिरलं, आतला एक्सल मात्र जागच्या जागी. दोन्ही हब धरले असते तर चाक हललंच नसतं. शेवटी निघालं काय, तर हबकडे जाणारा व्हॅक्यूमचा (हवा ओढून हब जोडणारा) पाइप उंदराने कुरतडलेला! वीतभर नवा पाइप घातला, काम झालं. तुमचेही हब व्हॅक्यूमचे असतील तर आधी पाइप तपासा की.